अनिष्ट ध्वनि

'गोंगाट' हा शब्द आपण जितक्या सहज उच्चारतों, तितकी त्याची व्याख्या सोपी नाहीं. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत ध्वनीचें वर्णन सांपडतें. त्याची कंपनसंख्या मोजतां येते, त्याचा जोर मोजतां येतो. परंतु अमुक ध्वनि म्हणजे गोंगाट आणि अमुक ध्वनि गोंगाट नव्हे, हें ठरविणारें माप त्या पुस्तकांत नसतें. इंजिनियर लोक 'नको असलेला ध्वनि' असें म्हणून मोकळे होतात. परंतु तसें म्हणतांच प्रश्न विज्ञानाची हद्द ओलांडून नीतीच्या हद्दींत येतो. कारण 'नको' हें विशेषण ध्वनीचें नव्हे, ऐकणाराचें आहे. कोणाला नको? कां नको? आणि नको म्हणून तो घालविण्यासाठीं काय काय करण्याची आपली तयारी आहे?

ह्यांपैकीं शेवटच्या प्रश्नाकडे मी दोन वर्षांपूर्वींपर्यंत कधीं लक्ष दिलें नव्हतें. तें द्यावें लागलें तें माझ्या धाकट्या मुलाच्या गिटारच्या ध्वनिवर्धकामुळें. विषय क्षुल्लक आहे, हें मला मान्य आहे. पण आपल्या नैयायिकांना शतकानुशतकें घट आणि पट पुरले. मग मला एक ध्वनिवर्धक कां पुरूं नये?

ज्यांच्या घरीं पूर्वीं व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्यांना त्या कांचेच्या नळ्या, त्यांच्या आंतला तांबूस उजेड आणि आवाज येण्यापूर्वीं पाहावी लागणारी वाट आठवत असेल. ट्रान्झिस्टर आले आणि घरगुती रेडिओंतून व्हॉल्व्ह नाहींसे झाले. गिटार वाजविणारांनीं मात्र त्यांना सोडलें नाहीं. व्हॉल्व्हवर त्याच्या शक्तीबाहेर भार टाकला, म्हणजे तो एकदम कोलमडत नाहीं. हळूहळू घोगरा होत जातो, आणि तो घोगरेपणाच ह्या मंडळींना हवा असतो. म्हणजे ज्या विकृतीला रेडिओ बनविणारे दोष मानीत, तिच्यासाठींच हे लोक आज जादा पैसे मोजतात! १९६१ सालीं मार्टी रॉबिन्स ह्या अमेरिकन गायकाचें 'डोंट वरी' हें गीत प्रसिद्ध झालें. नॅशव्हिल येथें त्याचें ध्वनिमुद्रण चाललें असतां ग्रेडी मार्टिन ह्याच्या वाद्याचा आवाज यंत्राच्या एका बिघडलेल्या भागांतून गेला आणि फाटका होऊन बाहेर पडला. तो पुसून टाकण्याऐवजीं तसाच ठेवण्यांत आला. गीत लोकांना आवडलें, आणि पुढच्याच वर्षीं तसा फाटका आवाज मुद्दाम काढून देणारी एक पेटी बाजारांत विकावयास आली.

आपण ह्याला हंसूं नये. आपला तंबोरा घ्या. त्याच्या घोडीवर तार आणि हाड ह्यांच्यामध्यें सुताचा एक बारीक धागा सरकवून मिरजेचा कारागीर जी जवारी लावतो, ती काय आहे? तार घोडीला निसटती घांसून उठणारी झणझण आहे. तो धागा काढून घेतला तर स्वर अधिक 'स्वच्छ' होईल, आणि कोणताही गवई तो तंबोरा मांडीवरून खालीं ठेवील. सतारीला जी झणझण शोभते ती व्हायोलिनमध्यें ऐकूं आली तर आपण दुरुस्तीला धांवतों. तेव्हां अनिष्टपणा ध्वनीच्या जातींत नाहीं, हें एवढ्यावरून सिद्ध व्हावें.

परंतु ह्यावरून 'सर्व कांहीं आवडीवर अवलंबून आहे' असा जो निष्कर्ष तरुण मंडळी चटकन काढतात, तो मला मान्य नाहीं. कसा, तें हकीकतीच्या ओघांत येईल.

ध्वनिवर्धक वापरलेला होता. मुलानें शिकवण्या करून जमविलेल्या पैशांतून तो घेतला, आणि मला न विचारतां घेतला, ही गोष्ट माझ्या मनांत होतीच. सुरू केला कीं त्यांतून एक खोल गुंजन येई. त्या गुंजनावर वाळू चाळल्यासारखी सळसळ पसरलेली असे. आणि मधून मधून एक कर्कश घरघर. माझी अभ्यासाची खोली भिंतीपलीकडे. पहिल्या आठवड्यांतच मी त्या यंत्राचा शत्रु झालों. "हें बंद कर, नाहीं तर नीट करून घे," असें मी त्याला सांगितलें. त्यानें तें नीट करून घेण्याचें ठरविलें, आणि माझ्या दुर्दैवानें त्या कामांत मलाच ओढलें.

दुर्दैवानें म्हणतों खरें, पण तीस वर्षें तर्कशास्त्र शिकविलेल्या माणसाला ह्याहून मोठी मेजवानी मिळाली नसती. मिलनें १८४३ सालच्या आपल्या ग्रंथांत कारण शोधण्याच्या ज्या पद्धति सांगितल्या, आणि आपल्याकडे अन्वय-व्यतिरेक म्हणून ज्या रीतीचा उल्लेख होतो, ती सारी येथें लाकडी पेटींत मांडून ठेवलेली होती. आवाजाचें बटण फिरवावें: दोष त्याबरोबर लहानमोठा होत असेल तर त्याचा उगम बटणाच्या अलीकडे, तसाच राहत असेल तर पलीकडे. मग यंत्र बंद करून, निवूं देऊन, गिटारची तार जेथें शिरते तेथला पहिला व्हॉल्व्ह उपटून काढावा व पुन्हां सुरू करावें: दोष थांबला तर तो त्या व्हॉल्व्हमध्यें अथवा त्याच्याही आधीं, न थांबला तर पुढें. मग दुसरा, मग तिसरा. एखादा व्हॉल्व्ह सैल झाल्याचा संशय असेल तर चालू असतांना कोरड्या लाकडी काडीनें त्याला हळूच टिचकी मारावी. कांच वाजल्याचा नाद भोंग्यांतून आला तर चोर सांपडला. मात्र पेटीच्या पोटांत हात घालण्याचें काम जाणत्यानेंच करावें. कारण वीज तोडल्यावरही आंतल्या कपॅसिटरांमध्यें तीनचारशें व्होल्टांचा दाब पुष्कळ वेळ साठून राहतो, आणि तो प्राणघातक असतो.

ह्या शोधांत एक गोष्ट मला विशेष वाटली. गिटारमधून येणारा विजेचा संदेश अगदीं क्षीण असतो. पहिला व्हॉल्व्ह तो पन्नाससाठ पट मोठा करतो, दुसरा त्या मोठ्या झालेल्याला आणखी मोठा करतो. म्हणून आरंभीं शिरलेला केसाएवढा दोष शेवटीं डोंगराएवढा होतो. आणि शेवटीं शिरलेला तेवढाच दोष कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. आवाज भोंग्यांतून येतो म्हणून आपण भोंग्याला शिव्या देतों. तो बिचारा निरोप्या आहे.

खोल गुंजन आवाजाच्या बटणाला दाद देत नव्हतें, आणि पहिले सगळे व्हॉल्व्ह काढले तरी तें तसेंच राहिलें. म्हणजे तें वीज पुरविणाऱ्या भागांतलें. आपल्याकडील घरगुती वीज सेकंदाला पन्नास आवर्तनें करते. ती एकमार्गी करतांना त्याचीं शंभर होतात, आणि तीं गुळगुळीत करण्यासाठीं ठेवलेले कपॅसिटर म्हातारे झाले कीं तो शंभरांचा सूर बाहेर पडूं लागतो. एका कारागिरानें ते बदलून दिले, गुंजन गेलें. घरघरीचा शोध मात्र जरा लाजिरवाणा ठरला. मुलानें निरीक्षण नोंदविलें कीं, "बाबा, तुम्ही घरीं असलां कीं ती येते." मी रागावलों. पण निरीक्षण खरें होतें. माझ्या खोलींत पंख्याला फिरत्या बटणाचा रेग्युलेटर होता. तो वेग कमी करतांना विजेच्या लाटेचा प्रत्येक वेळीं तुकडा छाटतो, आणि त्या छाटण्याचे धक्के तारांतून भिंतीभर पसरतात. गिटारच्या तारांखालील चुंबकाच्या वेटोळ्यांना ते ऐकूं येत. मी पंखा बंद केला, घरघर थांबली. महिनाभर मी ज्या उपद्रवाबद्दल मुलाला बोलत होतों, त्याचें बटण माझ्याच हाताशीं होतें.

उरली सळसळ. पहिला व्हॉल्व्ह नवा घातल्यावर ती पुष्कळ कमी झाली, पण गेली नाहीं. आणि ती जाणारही नव्हती. कोणत्याही ऊष्ण वस्तूंतील विद्युत्कण स्वस्थ बसत नाहींत. त्यांच्या धांवपळीनें प्रत्येक रोधकाच्या दोन टोकांमध्यें एक अत्यंत सूक्ष्म, अनियमित दाब सदैव नाचत असतो. जॉन्सन ह्यानें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत तो मोजला आणि त्याच्याच सहकाऱ्यानें, नायक्विस्टनें, त्याचें गणित मांडलें. दोघांचे लेख १९२८ सालचे आहेत. ही सळसळ यंत्राच्या बिघाडाची नव्हे. यंत्र उबदार आहे, एवढीच ती साक्ष. तिला पूर्ण शांत करावयाचें तर निरपेक्ष शून्यापर्यंत गारठवावें लागेल, आणि तेथें कोणीही गिटार वाजवीत नाहीं.

येथवर हकीकत सुखाची आहे. खरा प्रश्न पुढें आला. कांहीं महिन्यांनीं मुलगा आपलें वाजविलेलें संगणकांत साठवूं लागला. त्यासाठीं ध्वनिवर्धकापासून संगणकापर्यंत एक तार जोडतांच नवेंच गुंजन सुरू झालें, आणि तें पहिल्यापेक्षां मोठें होतें. ह्याचें कारण मला आतां ठाऊक आहे. दोन्ही यंत्रांना भिंतींतल्या दोन निरनिराळ्या ठिकाणांहून जमिनीची तार मिळत होती. तिसरी वाट संगणकाच्या तारेच्या वेष्टनानें जोडली गेली, आणि त्या बंद फेऱ्यांतून थोडीशी वीज फिरूं लागली. ध्वनिवर्धकाला ती संगीत वाटली, म्हणून त्यानें ती मोठी केली.

तोच कारागीर आला. त्यानें दोन मिनिटें ऐकलें, ध्वनिवर्धकाचा प्लग उघडला, त्यांतली हिरवी तार सोडवून बाजूला दुमडून ठेवली आणि प्लग बंद केला. खोलींत एकदम शांतता पसरली. मी भिंतीपलीकडून उठून आलों होतों. "कोणती तार काढलीत?" असें मीं विचारलें. "अर्थिंगची, साहेब. तशी तिची गरज नसते." मला पदार्थविज्ञान इतपत आठवत होतें कीं तिची गरज असते. आंतली एखादी जिवंत तार सुटून पत्र्याच्या सांगाड्याला लागली, तर त्या हिरव्या तारेवाटे वीज जमिनींत जाते व फ्यूज उडतो; ती तार नसेल तर सांगाडा दोनशें तीस व्होल्ट अंगावर घेऊन तसाच उभा राहतो. आणि गिटारच्या तारा त्या सांगाड्यालाच जोडलेल्या असतात. इतकें मला कळत होतें. पण शांतता फार गोड होती, आणि दुसऱ्या दिवशीं मला एक व्याख्यान द्यावयाचें होतें. मी कांहीं बोललों नाहीं. कारागिराला पैसे दिले, वर चहा दिला.

तीनेक आठवड्यांनीं माझ्या पत्नीनें तक्रार केली कीं हा मुलगा घरांत चपला घालून वावरतो. आमच्याकडे ती चाल नाहीं. मी त्याच्या खोलींत गेलों तों तो रबरी चपला पायांत घालून वाजवीत बसलेला. कारण विचारलें तर आधीं सांगेना. मग म्हणाला, "संगणकाची तार काढली असली, कीं गिटारच्या तारांना हात लावतांना झिणझिण्या येतात. चपला घातल्या म्हणजे येत नाहींत."

"किती दिवस होतें आहे हें?"

"पंधरा दिवस झाले असतील."

"मग बोलला कां नाहींस?"

तो खालीं पाहून म्हणाला, "बोललों असतों तर ती तार पुन्हां जोडावी लागली असती. मग तो आवाज पुन्हां आला असता. तुम्हांला तो खपत नाहीं."

ह्या उत्तराला मजजवळ प्रत्युत्तर नव्हतें, आणि आजही नाहीं. संगणक जोडलेला असे तोंवर त्याच्या तारेवाटे सांगाड्याला जमीन मिळत होती. तो काढला कीं सांगाडा अधांतरीं राही, आणि रोहित्रांतून झिरपणारी थोडीशी वीज माझ्या मुलाच्या बोटांतून वाट शोधी. थोडीशी, म्हणून झिणझिण्या. आंतलें एखादें वेष्टन झिजलें असतें तर ती थोडीशी राहिली नसती. १९७२ सालच्या मे महिन्यांत वेल्समधील स्वान्सी येथें 'स्टोन द क्रोज' ह्या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वी हा अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागतांच रंगमंचावर विजेच्या धक्क्यानें मरण पावला. तो सत्तावीस वर्षांचा होता. ही हकीकत मीं नंतर वाचली. आधीं वाचली असती तरी त्या दिवशीं बोललों असतों, असें मी छातीठोकपणें म्हणूं शकत नाहीं.

कारागिराला दोष देणें सोपें आहे. मित्रांना ही गोष्ट सांगतांना पहिल्या दोन वेळां मीं तसा तो दिलाही. पण न्यायानें पाहतां त्यानें आमची मागणी पुरी केली. आम्हीं त्याच्याजवळ निर्दोष यंत्र मागितलें नव्हतें. शांतता मागितली होती. आणि शांतता मिळविण्याचे मार्ग एकाहून अधिक असतात. कारण शोधून तें दूर केलें तरी शांतता मिळते. कारण तसेंच ठेवून त्याची बातमी देणारी वाट तोडली तरी शांतताच मिळते. ऐकणाराच्या कानाला ह्या दोन शांततांमध्यें कांहींही फरक कळत नाहीं. ज्या कानाला मी इतका वेळ न्यायाधीश समजत होतों, त्याचा अधिकार येथें संपतो, आणि 'सर्व कांहीं आवडीवर अवलंबून आहे' हें मत मला येथेंच अपुरें वाटतें. जवारीची झणझण हवी कीं नको, हें गवयानें ठरवावें. फाटका आवाज गोड कीं कडू, हें गिटार वाजविणारानें ठरवावें. तेथें मी बोलणार नाहीं. पण जमिनीची तार तोडून मिळविलेली शांतता चांगली कीं वाईट, हा रुचीचा प्रश्न नाहीं. तिची किंमत दुसऱ्या कोणाच्या तरी बोटांनीं चुकती होत असते.

कार्ल जान्स्की नांवाच्या तरुण इंजिनियराला त्याच बेल प्रयोगशाळेनें अटलांटिकपार जाणाऱ्या बिनतारी दूरध्वनींतली खरखर कोठून येते, हें शोधण्याच्या कामीं लावलें होतें. जवळचीं वादळें, दूरचीं वादळें असा हिशेब लागल्यावरही एक मंद सळसळ उरली. ती रोज चार मिनिटें लवकर येई. म्हणजे सूर्याच्या नव्हे, नक्षत्रांच्या घड्याळाप्रमाणें चाले. ती आकाशगंगेंतून, धनु राशीच्या दिशेनें येत होती. हें त्यानें १९३३ सालीं प्रसिद्ध केलें आणि रेडिओ-खगोलशास्त्राला सुरुवात झाली. त्यानें नुसती खरखर गाळून टाकणारी चाळणी बसविली असती तरी त्याच्या वरिष्ठांचें काम कदाचित् भागलें असतें. प्रत्येक सळसळीमागें आकाशगंगा असते, असें मला म्हणावयाचें नाहीं; बहुतेक वेळां पंख्याचा रेग्युलेटर असतो. पण कान झांकून घेणाराला दोहोंतलें कांहींच सांपडत नाहीं.

असल्या चाळण्या आज विकतही मिळतात. 'गेट' नांवाची एक लहान पेटी गिटारवाले वापरतात. वादक वाजवीत असतो तोंवर ती दार उघडें ठेवते. तो थांबला कीं दार लावून घेते, आणि मधल्या विसाव्यांत सळसळ ऐकूं येत नाहीं. माझा तिला विरोध नाहीं. न जाणारी सळसळ तिनें झांकावी. मात्र ती विकत घेणारानें एवढें लक्षांत ठेवावें कीं सळसळ गेलेली नसते. ती स्वरांच्या पाठीशीं उभी असते, आणि लांबवलेल्या स्वराचें शेंपूटही पुष्कळदां त्याच दारांत चेंगरतें. आमच्या घरांत अशी एक पेटी कित्येक वर्षें चालूं होती, आणि ती विजेवर चालणारी नव्हती. मी घरीं असलों कीं मुलें हळू बोलत. मला वाटे, घराला शिस्त आहे.

कोणी म्हणेल, प्रोफेसर, एका सुटलेल्या तारेवरून तुम्ही फार दूर गेलांत. असेल. परंतु मीं जें पाहिलें तें एवढेंच कीं, माझ्या मुलानें तीन गोष्टी तोलून पाहिल्या. त्याच्या बोटांतल्या झिणझिण्या, त्याचें वाजविणें आणि माझा त्रास. ह्यांत त्यानें पहिली सहन करावयाची ठरविली. त्याला तसें करावयास कोणीं सांगितलें नव्हतें. कुटुंबांत अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहींत. पंधरावीस वर्षांच्या सहवासांत त्या आपोआप कळतात. सासुरवाशिणीला कळतात, आश्रित पुतण्याला कळतात, आणि ज्याच्या कपाळावर लवकर आंठी पडते अशा बापाच्या मुलाला तर फार लहानपणीं कळतात. मग घर शांत असतें, आणि घरचा कर्ता पाहुण्यांजवळ त्या शांततेचा अभिमान सांगतो. मींही सांगितलेला आहे.

हिरवी तार त्याच संध्याकाळीं जोडली. मीं स्वतः जोडली. मुलानें विजेरी धरली. गुंजन परत आलें आणि आठ दिवस राहिलें. मग दोन्ही यंत्रें एकाच पट्टीवरून वीज घेतील अशी व्यवस्था केली. त्यानें तें बरेंच उतरलें. उरलेलें घालविण्यासाठीं ध्वनिवर्धक आणि संगणक ह्यांमधल्या तारेंत एक सुपारीएवढें रोहित्र बसविलें. त्यांतून ध्वनीचा संदेश पलीकडे जातो, पण दोन्ही बाजूंचा धातूचा संबंध तुटतो. फेरा मोडतो, आणि जमिनीच्या तारा जेथल्या तेथें शाबूत राहतात. खर्च त्या कारागिराच्या मजुरीहून अधिक आला नाहीं. शोधण्याला मात्र वेळ लागला, आणि तेवढे दिवस त्या आवाजांत काढावे लागले.

माझ्या खोलींतला रेग्युलेटर बदलला आहे. सळसळ आहे तशीच आहे. रात्रीं नवाच्या सुमाराला मुलगा यंत्र सुरू करतो. व्हॉल्व्ह तापेपर्यंत कांहीं ऐकूं येत नाहीं, मग भिंतीपलीकडून ती बारीक सळसळ येते, आणि मी वहींतून डोकें वर काढून, तो काय वाजवितो इकडे कान देतों. परवां मधेंच थांबून तो दारांत आला. "बाबा, पहिल्या व्हॉल्व्हमध्यें पुन्हां कांहीं तरी तडतडतें आहे असें वाटतें. तुम्हांला ऐकूं आलें?"

मला आलें नव्हतें. मी चष्मा खालीं ठेवून त्याच्याबरोबर गेलों.